बाईंच्या गाण्याचे ड्रम

गाण्याला ड्रम हवेत, हे उस्तादांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट होतं. विचार जरा लांबला आणि बिस्किट कपात पडलं. शहाणा माणूस असता तर तेवढ्यावरूनच सावध झाला असता. उस्तादांनी चमच्याने बिस्किटाचा गाळ काढला, खाल्ला आणि म्हणाले, "अगं, आपल्या गाण्याला ड्रम हवेत."

"त्या गाण्याला?" बाई ओट्याशी उभ्या होत्या, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "त्याला कशाला ड्रम?"

हा प्रश्न उस्तादांनी नीट ऐकला असता तर गोष्ट इथेच संपली असती आणि आपणही सगळे आपापल्या कामाला लागलो असतो. पण उस्तादांना एक खोड होती. (खोडी पुष्कळ होत्या, पण आजच्यापुरती ही एक पुरे.) बायकोने प्रश्न विचारला की त्यांना वाटायचं, ती हो म्हणतेय.

आता हे उस्ताद म्हणजे कोणी मोठे गवई वगैरे नव्हेत बरं का. पाणीपट्टीच्या कार्यालयात रेकॉर्ड विभागाचे हेडक्लार्क. एकदा साहेबांच्या निरोप समारंभात त्यांनी गिटार वाजवलं, दुसऱ्या ओळीलाच तार तुटली, आणि उरलेलं गिटार त्यांनी तोंडाने 'टिंग टिंग' करत पूर्ण केलं. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना उस्ताद म्हणायला लागले. त्यांना ती पदवी वाटली, हा भाग वेगळा.

बाई म्हणजे त्यांची बायको. प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्यामुळे साऱ्या गल्लीच्या बाई. आख्खी हयात वर्गात "शांत बसा" असं ओरडण्यात गेली आणि त्यातच घसा बसला. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, म्हणाले, "स्वरयंत्रावर गाठी आहेत. ऑपरेशन साधं आहे. मात्र नंतर आवाज थोडा बदलू शकतो. वरचे सूर कदाचित पूर्वीसारखे लागणार नाहीत."

"वर्गात ओरडण्यापुरता राहिला तरी खूप झालं," बाई हसून म्हणाल्या.

पण परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून त्या हळूच काहीतरी गुणगुणत होत्या. उस्तादांनी कान दिला. ते गाणं त्यांचं होतं, दोघांचं. लग्नानंतर ते एका खोलीत राहायचे, तेव्हाचं. उस्तादांना भल्या सकाळी कामावर निघावं लागे आणि बाई अर्धवट झोपेत म्हणायच्या, "दार नुसतं लोटा हो, कडी नको." कडी लावली की माणूस लांब गेल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. त्याचंच पुढे बाईंनी गाणं केलं, उस्तादांनी चाल लावली. 'दार नुसतं लोटून जा, कडी नको लावूस रे.' शेवटचा 'रे' असा वर वर चढत जायचा आणि तिथेच थोडा वेळ बसून राहायचा. पुढे लेक झाली, नोकऱ्या झाल्या, घरं बदलली, आणि ते गाणं कुठल्या तरी खोक्यात राहून गेलं.

उस्तादांचं काळीज हललं. ऑपरेशनच्या आधी हा आवाज जपून ठेवायचाच, असं त्यांनी बसमध्येच ठरवलं. इथपर्यंत माणूस सोन्यासारखा वागला, हे मी मान्य करतो.

लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. तिथे उस्तादांनी कॉम्प्युटर, माइक, हेडफोन असं मांडून 'स्टुडिओ' केला होता. (बाई त्याला 'तुमचं ते' म्हणत.) तिथे गिटार वाजत होतं, बाईंचा आवाज येणार होता, मग उरलं काय? ड्रम. खरा ड्रमवाला बोलवावा तर तो ड्रम मांडणार कुठे, आणि खालच्या मजल्यावरचे लोक गप्प बसतील काय? तेव्हा कॉम्प्युटरमधून ड्रम वाजवणारं एखादं सॉफ्टवेअर घ्यावं, एवढंच ते काम.

ते त्यांनी ऑफिसातल्या कॅशिअरला विचारलं, ही पुढची चूक. कॅशिअर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलात ड्रम वाजवायचा, आणि बाकीचे दिवस त्याबद्दल बोलायचा.

"कुठलं घेऊ?" उस्तादांनी विचारलं.

"तुम्हाला आवाज कसा हवाय त्यावर आहे," कॅशिअर नोटा बाजूला सारून म्हणाला. "खोलीतला हवा, हॉलमधला हवा, कोरडा हवा, ओला हवा?"

ड्रमचा आवाज ओलाही असतो, हे उस्तादांना त्या दिवशी कळलं. माणसाला नवी गोष्ट कळली की त्याचं वाटोळं व्हायला सुरुवात होते.

त्यांनी एकामागून एक ट्रायल उतरवून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक सॉफ्टवेअर चार दिवस फुकट वापरा, आवडलं तर घ्या, असा सगळा मामला. एकात पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ज्याला किक म्हणतात, तो रिकाम्या पिंपासारखा वाजे. दुसऱ्यातला मधला खणखणीत ड्रम, म्हणजे स्नेअर, त्याला सर्दी झाल्यासारखी वाटे. तिसऱ्यात सगळं झकास होतं, पण ते इतकं झकास होतं की उस्तादांना संशय आला. त्यांच्या डोक्यात एक आवाज पक्का बसला होता. ना टणटणीत, ना पोकळ. जिवाभावाच्या माणसाने पाठीवर तळहात टेकवावा, तसा. थप्प.

त्या आठवड्यात बाई स्वयंपाकघरात गाण्याचा सराव करायच्या, आणि उस्ताद तिथेच टेबलाशी बसून कॅशिअरशी फोनवर बोलत राहायचे. 'थप्प' कसा हवा ते टेबलावर हात मारमारून फोनमध्ये ऐकवायचे. बाईंनी एकदोनदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी नळाकडे तोंड केलं आणि गात राहिल्या.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी रेकॉर्डिंग झालं. आवाज घुमू नये म्हणून उस्तादांनी लेकीच्या कपाटाचं दार उघडलं, आत रजया आणि लोकरीचे कोट टांगले आणि बाईंना सांगितलं, "डोकं आत घाल आणि गा."

"डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय हो."

"चार मिनिटांचा तर प्रश्न आहे. नाक विसर."

बाईंनी नाक विसरून गायलं. एकदाच गायलं, कारण दुसऱ्यांदा घसा देईना. त्या चार मिनिटांत उस्तादांची नजर कॉम्प्युटरवरच्या हिरव्या पट्टीवर खिळली होती. आवाज वाढला की ती पट्टी लाल होते, आणि लाल झाली की सगळं बिघडतं. शेवटचा 'रे' वर चढला तेव्हा पट्टी लाल व्हायला एवढीशी फट उरली होती. उस्तादांनी श्वास रोखला. झाली नाही लाल!

बाईंनी कपाटातून डोकं बाहेर काढलं. केसाला लोकर चिकटली होती, डोळे ओले होते. ते डांबराच्या गोळ्यांनी की कशाने, देव जाणे.

"कसं झालं?"

"लेव्हल उत्तम!" उस्ताद म्हणाले.

कॉम्प्युटरने त्या आवाजाच्या फाइलला आपणहून नाव दिलं, 'ऑडिओ एक'. चांगलं नाव गाणं पूर्ण झाल्यावर देऊ, असं उस्तादांनी ठरवलं. ड्रम मिळाले की ऐकू, असंही ठरवलं. नुसतं कशाला ऐकायचं?

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी बजावलं, काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. घरात पाटी-खडू आला. पण प्रत्येक वेळी पाटी शोधत कोण बसणार? म्हणून बाईंनी एक सोपी पद्धत बसवली. हाताशी येईल त्यावर तळहाताने एकदा मारलं तर हो. दोनदा मारलं तर नाही. आणि सारखं मारत राहिलं तर हातातलं टाकून धावत या. दोन दिवसांत उस्तादांना ही भाषा इतकी अंगवळणी पडली, की ऑफिसात साहेबांनी "ती फाइल झाली का?" असं विचारलं तेव्हा त्यांनी टेबलावर दोनदा हात मारला.

बाईंचा आवाज परत यायच्या आत गाणं तयार ठेवायचं आणि तोंड उघडायची परवानगी मिळाली त्या दिवशी ते त्यांना ऐकवायचं, असा उस्तादांचा बेत होता. बेत लाख मोलाचा. फक्त ड्रम ठरत नव्हते.

आणि मग ती सुट्टीची सकाळ उजाडली. बाई आंघोळीला गेल्या. बाथरूमची कडी जुनी, कधीकधी अडकायची. त्या दिवशी ती अशी काही अडकली की मागे सरकेना की पुढे. दुसरी कोणी असती तर तिने आरडाओरडा केला असता. बाईंना तोंड उघडायची बंदी. त्यांनी दारावर तळहाताने मारायला सुरुवात केली.

उस्ताद कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून एका नव्या सॉफ्टवेअरचा डेमो ऐकत होते. आणि अचानक तो आवाज आला. थप्प. थप्प. त्यांच्या अंगावर काटा आला. डेमोतल्या बाकीच्या ड्रमच्या मागून, जरा लांबून, पण काय जिवंत! त्यांनी घाईघाईने कॅशिअरला फोन लावला. "सापडला! अहो, हा माणूस नुसता वाजवत नाहीये, काहीतरी सांगतोय!"

"मग घेऊन टाका की," कॅशिअर म्हणाला. त्यालाही आता या विषयाचा कंटाळा आला होता.

इतक्यात उस्तादांना स्वतःलाच बाथरूमला जायची गरज वाटली. हेडफोन काढून ते दाराशी गेले. तोवर बाई दमून थांबल्या होत्या.

"अगं, आत आहेस का?"

आतून एक थाप. हो.

"वेळ लागेल का?"

आत बाईंनी विचार केला असणार. दार उघडत नव्हतं, म्हणजे वेळ लागणारच होता. त्यांनी खरं ते सांगितलं. एक थाप.

"बरं बरं, सावकाश होऊ दे," असं समजूतदारपणे म्हणून उस्ताद परत गेले आणि त्यांनी हेडफोन चढवला.

मग मात्र बाईंनी दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली. थपाथप, थपाथप, थांबणं नाही. इकडे उस्ताद खुर्चीत बसून डोलायला लागले. ओहोहो! शेवटी शेवटी तर काय चढतोय हा! काय तो आवेश, काय ती तळमळ! त्यांनी डोळे पुसले आणि ते सॉफ्टवेअर विकत घेऊन टाकलं.

ही आनंदाची बातमी द्यायला ते बाथरूमच्या दाराशी धावले. "अगं, ड्रम मिळाले!"

आतून काही नाही.

"ऐकलंस का? आनंद झाला की नाही?"

ना एक थाप, ना दोन. तेव्हा कुठे उस्ताद घाबरले. त्यांनी दाराला खांदा लावला, कडी मोडली आणि दारासकट ते आत, बादलीत. बाई त्यांना ओलांडून बाहेर गेल्या. तळहात लालबुंद झाले होते. त्यांनी पाटी घेतली, 'कडी अडकली होती' असं लिहिलं, आणि खाली जरा मोठ्या अक्षरात 'बहिरे' असं लिहून ती उस्तादांच्या मांडीवर ठेवली.

"अगं, मग सांगायचं नाहीस का?" उस्ताद म्हणाले. यावर बाईंनी जे तोंड केलं, ते पाटीवर मावण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी उस्ताद नवे ड्रम कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला बसले. आता या सॉफ्टवेअरची गंमत अशी, की एकाच ड्रमवर हळू मारलेला फटका, जोरात मारलेला, रागाने मारलेला, कंटाळून मारलेला, असे हजारो फटके त्यात भरून ठेवलेले असतात. त्याला जागा लागते. कॉम्प्युटरने साफ सांगितलं, जागा नाही.

जागा करणं हे तर उस्तादांचं हातखंडा काम! दरवर्षी कार्यालयातल्या जुन्या फायली बाद करून कपाटं मोकळी करायची ती तेच करायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो ते नव्या कारकुनांनाही शिकवायचे. फाइल उघडून वाचत बसायचं नाही. तिला शेवटचा हात कधी लागला ते बघायचं. ज्या फायलीला कोणी हातच लावत नाही, ती कोणाला नको असते. या नियमाने त्यांची आजवर कधी चूक झाली नव्हती.

त्यांनी कॉम्प्युटरवरच्या फायली तशाच लावल्या. वर रोज उघडलेले ड्रमचे डेमो, आणि तळाशी, ज्यांच्याकडे बरेच दिवस कोणी फिरकलं नव्हतं अशा. त्यांनी तळापासून सफाई केली. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण अर्धवट काम त्यांना आवडायचं नाही. त्या जागेत ड्रम येऊन बसले. उस्ताद शीळ घालत जेवायला गेले.

ड्रम वाजले. पण त्यात तो 'थप्प' नव्हता. उस्तादांनी शोध शोध शोधला. हळू फटके बघितले, रागाचे बघितले. डेमोतला तो मागून येणारा, तळमळून वाजवणारा माणूस काही सापडेना. कॅशिअर म्हणाला, स्पीकर बदला. उस्तादांनी स्पीकर बदलले. मग आहे त्यावर समाधान मानून त्यांनी गाण्याच्या चालीवर चार मिनिटांचे ड्रम बसवले. आता शेवटचं काम उरलं, बाईंचा आवाज त्यावर ठेवायचा. ते तर काय, चुटकीसरशी होणार होतं. म्हणून ते त्यांनी शेवटच्या दिवसावर ठेवलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली. "हळूहळू बोला. पहिल्या दिवशी अगदी थोडं."

घरी येऊन बाई खुर्चीत बसल्या. इतक्या आठवड्यांनी पहिलं काय बोलावं याचा त्यांनी बहुधा विचार करून ठेवला होता. त्यांनी हातानेच उस्तादांना समोर बसवलं आणि तोंड उघडलं. आवाज जरा जाडसर झाला होता, खाली उतरला होता, पण मायाळू होता.

"माझं गाणं लावा ना," त्या म्हणाल्या.

उस्ताद उठून कॉम्प्युटरशी गेले. त्यांनी 'ऑडिओ एक' शोधली. पुन्हा शोधली. मग त्यांना आपला नियम आठवला, आणि पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती सरकली. त्या फायलीला रेकॉर्डिंगच्या दिवसानंतर कोणी हात लावला नव्हता. कोणी म्हणजे कोण? त्यांनीच. रोज ड्रम ऐकले होते, त्यासाठी जीव टाकला होता, आणि ज्याच्यासाठी ड्रम हवे होते ते एकदाही उघडलं नव्हतं.

घाबरलेला माणूस काहीही करतो. उस्तादांनी ड्रम लावले. "आधी नुसते ऐक," ते म्हणाले.

बाईंनी चार मिनिटं नुसते ड्रम ऐकले. शहाण्या विद्यार्थिनीसारख्या हात मांडीवर ठेवून ऐकले. ड्रम थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आणि मी? मी कुठाय यात?"

मग उस्तादांनी सगळं सांगितलं. जागा कशी नव्हती, नियम कसा लावला, टोपली कशी रिकामी केली. आपली बाजू मांडताना ते म्हणाले, "अगं, पण त्या दिवशी डेमोत काय आवाज होता म्हणून सांगू! थप्प, थप्प, आणि मग थपाथप थपाथप. तू बाथरूममध्ये होतीस ना, तेव्हा..."

आणि ते थांबले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी आपले दोन्ही तळहात उस्तादांसमोर धरले.

मग बाईंनी विचारलं, "तुम्ही ते एकदा तरी ऐकलं होतंत का हो?"

उस्तादांच्या जिभेवर खोटं आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. "लेव्हल बघितली होती," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलेलं मौन त्या दिवशी संपलं आणि बाईंनी स्वतःचं सुरू केलं. यात पाटी नव्हती, थापाही नव्हत्या. पानात जेवण पडायचं, इस्त्रीचे कपडे खुर्चीवर असायचे, पण घरात कोणी नसल्यासारखं वाटायचं. उस्तादांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. "पुसलेलं कधीकधी परत येतं. पण त्याच जागेवर दुसरं काही बसलं की नाही येत."

"दुसरं काय बसलंय?"

"ड्रम," तो म्हणाला.

एका दुपारी उस्ताद ऑफिसातून लवकर घरी आले. चपला काढताना त्यांना आतून गाणं ऐकू आलं. बाई एकट्याच ओट्याशी उभ्या राहून गात होत्या. मधलं कडवं नीट गेलं. शेवटचा 'रे' वर चढायला लागला आणि अर्ध्या वाटेत फाटला. बाईंनी पुन्हा केला. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी केलाच नाही, नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. उस्ताद हातात एक चप्पल घेऊन तसेच उभे राहिले. असं रडू त्यांना कितीतरी वर्षांत आलं नव्हतं. त्यांनी ती चप्पल परत पायात घातली, बाहेर जाऊन गल्लीला एक फेरी मारली, आणि जोरात दार वाजवून नुकतेच आल्यासारखे आत आले.

रविवारी मेव्हणी आली. बाईंची धाकटी बहीण, बोलायला एक नंबर. स्वयंपाकघरात टेबलाशी तिघं बसली. दोघं गप्प आहेत हे मेव्हणीच्या लगेच ध्यानात आलं, आणि काय झालं ते तिने भावजींकडून काढूनही घेतलं.

"हात्तिच्या!" ती म्हणाली. "अगं ताई, मग माझ्याकडे आहे की! ऑपरेशनच्या आधी तू फोनवर नव्हतं का पाठवलंस, गाऊन? मी रोज कामावर जाताना ऐकते ते."

उस्ताद खुर्चीवरून अर्धे उठले. बाईंनी तोंडावर हात ठेवला; हे त्या साफ विसरल्या होत्या. मेव्हणीने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बटण दाबलं.

आधी नळाचं पाणी ऐकू आलं. एक पातेलं वाजलं. आणि मग बाईंचा आवाज आला, जुना, स्वच्छ, सकाळी खिडकी उघडल्यासारखा. 'दार नुसतं लोटून जा...' उस्तादांनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा ते हे गाणं नुसतं ऐकत होते. इतकं चांगलं होतं हे? आणि आपण शोधत काय बसलो होतो?

दुसऱ्या ओळीवर एक पुरुषी आवाज आला. "हॅलो, कॅशिअर का? नाही हो, त्याचा किक पोकळ वाटतो. पिंप, पिंप वाजतंय."

उस्तादांनी डोळे उघडले.

गाणं पुढे गेलं. तो आवाजही पुढे गेला. कडव्यात तो स्नेअरच्या सर्दीबद्दल बोलला. बाई वर चढत गेल्या, शेवटचा 'रे' उचलला, तो गेला, गेला, आणि जिथे आता कधीच जाणार नव्हता तिथे जाऊन बसला. आणि बरोबर तिथे टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. "असा हवाय! ऐका, थप्प! थप्प! कळलं का? थप्प!"

गाणं संपलं. नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. फोनमधल्या बाई जरा लाजत म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? कसं झालं?"

"थांब गं जरा," फोनमधले उस्ताद म्हणाले. "महत्त्वाचं बोलतोय."

तिथे रेकॉर्डिंग संपलं.

मेव्हणी हसणारच होती, पण तिने बहिणीकडे पाहिलं आणि हसू आवरलं. बाई फोनकडे बघत होत्या. उस्ताद टेबलाकडे बघत होते, त्या जागेकडे, जिथे त्यांनी हात आपटला होता.

"यातला माझा आवाज काढून टाकता येईल का?" त्यांनी मेव्हणीला विचारलं.

"नाही हो भावजी. मी आमच्याकडच्या एकाला दाखवलं होतं. म्हणाला, पुरुषाचा आवाज काढायला गेलं तर बाईचाही जातो. दोन्ही एकमेकांत अडकलेत."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या बोलल्या. "राहू दे तसंच. निदान घरात होतात, एवढं तरी ऐकू येतं."

उस्तादांना भरून आलं. त्यांना वाटलं, बायकोने माफ केलं. तिच्यासाठी काहीतरी करावं, आत्ताच्या आत्ता करावं, असं त्यांना आतून वाटलं. ते खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "अगं, हे मला पाठव. याला मी नीट, मागून अगदी हलके..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. बाईंनी हात उचलला आणि टेबलावर दोनदा मारला.

थप्प. थप्प.

अगदी उस्तादांना हवा होता तसा.